बिस्किटी रंगाचे सात शर्ट

"फोटोच्या दिवशी तुम्ही रजेवर होतात का हो?" शाळेच्या कारकूनबाईंनी विचारलं आणि तो "हो" म्हणून गेला. शब्द तोंडातून निघाला तेव्हाच त्याला कळलं की हे खोटं आहे, पण तोवर बाईंनी मान डोलावून फाइल मिटलीही होती. खोटं बोलण्यासारखं त्यात काही नव्हतं. उलट फोटोच्या दिवशी तो सगळ्यांच्या आधी मैदानात गेला होता, बाकं ओढून ओळीत लावली होती, मुख्याध्यापिकांच्या खुर्चीखाली डगडगू नये म्हणून पुठ्ठ्याची घडी सारली होती. कारकूनबाई गेल्यावर तो सूचनाफलकापाशी आला आणि चष्मा कपाळावर चढवून, काचेला नाक लागेल इतका जवळ जाऊन बघू लागला. पुढे खुर्च्यांवरचे, मग उभे असलेले, मग बाकांवर चढलेले. मागच्या ओळीत अगदी डावीकडे, भिंतीला लागून, त्याला एक चेहरा दिसला. नुसता चेहरा. खाली खांदे नव्हते, हात नव्हते. शाळेच्या भिंतीचा बिस्किटी रंग गळ्यापासून सुरू व्हायचा आणि थेट बाकापर्यंत खाली यायचा. भिंतीला ओल लागून डाग पडावा आणि त्या डागाला कुणीतरी गमतीने चष्मा घालावा, तसा तो होता. फोटोग्राफर तेव्हा ओरडला होता, तेही त्याला आता आठवलं. "ते मागचे काका, जरा पुढे या, भिंतीत गेलात पार!" सगळे हसले होते. तोही हसला होता. पुढे मात्र सरकला नव्हता.

तो शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होता. एकतीस वर्षं. मुलं त्याला लॅबकाका म्हणत आणि नव्या शिक्षकांना त्याचं खरं नाव पगारपत्रक बघून कळे. निवृत्तीला चार महिने उरले होते. परीक्षानळ्या घासायच्या, स्टँड पुसायचे, द्रावणं तयार करून बाटल्यांत भरायची आणि बाटल्यांवर लेबलं लावायची, हे त्याचं काम. त्याच्या लेबलांची शाळेत ख्याती होती. प्रत्येक बाटलीवर तो दोन लेबलं लावत असे, एक समोर आणि एक मागे, बाटली कशीही धरली तरी वाचता यावं म्हणून. अक्षर छापल्यासारखं. तपासणीला आलेले अधिकारी बाटली फिरवून बघत आणि म्हणत, वा. तो मान खाली घालून उभा राही. कौतुक झालं की तो घाईने बाटली परत कपाटात ठेवी आणि ही घाई कशाला, याचा विचार करायचा नाही अशी सवय त्याने लावून घेतली होती. त्या दिवशी प्रयोगशाळेत परत आल्यावर त्याने काही कारण नसताना कपाटातली मोरचुदाची बाटली काढली. खिडकीतून आलेल्या उन्हात ते निळे खडे असे दिसत होते की कुणी कितीही घाईत असला तरी थबकेल. या रंगाला कुणी भिंत म्हणणार नाही, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याला स्वतःचंच हसू आलं.

घरी त्याने कपडे बदलायच्या निमित्ताने कपाट उघडलं. सात शर्ट. सातही बिस्किटी, सातही सुती, सातांचीही कॉलर एकाच मापाची. बायकोने शिवलेले. ती शिलाईच्या दुकानात शर्टांचं काम करायची आणि त्याचे शर्ट घरी खिडकीजवळच्या मशीनवर शिवायची. दर दोनेक वर्षांनी त्याच दुकानदाराकडून तेच कापड आणायची, जुना शर्ट उलगडून त्यावरच नवा बेतायची. "मळखाऊ आहे," एवढंच ती त्या रंगाबद्दल म्हणे. लग्नानंतरची पहिली दोन-तीन वर्षं असं नव्हतं, हे त्याला अंधुकपणे आठवत होतं. तेव्हा एक निळी बाही होती. त्याचीच. त्या बाहीकडे तो मान वळवून पुन्हा पुन्हा बघत होता. मग कधीतरी निळं संपलं आणि हे सुरू झालं. कुणी सुरू केलं? अर्थात तिने. तो तर कधी कापडाच्या दुकानात गेलाही नव्हता. कपाटाचं दार धरून उभ्या उभ्या त्याला एकेक गोष्ट सुचत गेली आणि प्रत्येक गोष्ट पटत गेली. बायकांना नवरा जरा उठून दिसला की धाकधूक वाटते म्हणतात. तिने त्याला कधी विचारलं नव्हतं की तुम्हाला कोणता रंग आवडतो. त्याने कधी सांगितलं नव्हतं हे खरं, पण विचारायला काय हरकत होती? अठ्ठावीस वर्षं ती माप न घेता शर्ट शिवत होती, आणि त्यात त्याचं पोट सुटलं, खांदे उतरले, तेही तिने मुकाट्याने कापडात सामावून घेतलं होतं. बाहेरच्या खोलीत मशीन चालू होतं, थांबत होतं, पुन्हा चालू होत होतं. त्या आवाजाचा त्याला पहिल्यांदाच राग आला.

रंगाच्या दुकानातल्या माणसाने पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या कापडाच्या पट्ट्या त्याच्यासमोर धरल्या. "कुणासाठी हवाय? बाईमाणसासाठी की…"

"माझ्यासाठी," तो म्हणाला. "मोरचुदासारखा हवाय."

"म्हणजे हा." दुकानदाराने एका पट्टीवर नख ठेवलं. मग त्याच्या अंगातल्या शर्टाकडे बघून म्हणाला, "हाच रंगवायचाय? मग हा पिवळसर आधी उडवावा लागेल. नाहीतर निळ्यात मिसळून हिरवट होतो. आणि मिठाची कंजुषी नको."

हे सगळं त्याला माहीत होतं. तरी त्याने ते एखाद्या विद्यार्थ्यासारखं ऐकून घेतलं.

रविवारी बायको सकाळीच तिच्या बहिणीकडे गेली. संध्याकाळी येते म्हणाली. दार लागल्यावर त्याने पाचेक मिनिटं वाट पाहिली, काही विसरलं म्हणून परत येते की काय, आणि मग मोरीत पाट टाकून बसला. आधी शर्ट पांढरे करायच्या द्रावणात बुडवले. बिस्किटी रंग कसा उडतो ते बघत राहिला. रंग एकदम जात नव्हता, ढगासारखा विरत होता. बगलेत आणि कॉलरच्या आत तो शेवटपर्यंत रेंगाळला. मग स्वच्छ धुऊन, ओलेच पिळून बाजूला ठेवले. सगळ्यांत मोठ्या पातेल्यात पाणी तापवलं, पुडी वेगळ्या भांड्यात गरम पाण्यात कालवली, गुठळी राहू दिली नाही, आणि ते निळं पाणी पातेल्यात ओतलं. ओतताना त्याचा हात दूर, अगदी लांब ताणला गेला, अंगावर थेंब उडू नये म्हणून. त्याने हाताकडे बघितलं. अंगात जुना फाटका बनियन होता. त्याच्यावर थेंब पडला असता तर काय बिघडणार होतं? पण हात तसाच ताणलेला होता. हा हात असा पूर्वी कधी ताणला होता, असं त्याच्या मनात आलं आणि त्याने घाईघाईने मीठ टाकलं. मूठ, दोन मुठी, तीन. काठीने ढवळू लागला. शर्ट पाण्याखाली फुगायचे, एखादी बाही वर यायची, तो तिला काठीने परत खाली दाबायचा. अर्धा तास सतत ढवळायचं होतं, थांबलं की चट्टे पडतात. वाफेचा धातूसारखा वास येत होता. रबरी हातमोज्यांत बोटांना घाम फुटला होता. पण कितीतरी दिवसांत त्याला इतकं बरं वाटलं नव्हतं. सात शर्ट, सात दिवस. सोमवारी तो प्रयोगशाळेत शिरेल तेव्हा मुलं आधी ओळखणारच नाहीत. कारकूनबाई म्हणतील, अय्या. शेवटी सोडा घातला, रंग पक्का व्हायला, आणि आणखी तासभर ठेवून शर्ट धुवायला काढले. पाणी निळं जात राहिलं, मग फिकट, मग नुसतं पाणी. ओले शर्ट जवळजवळ काळे दिसत होते. वाळल्यावर उजळतील, हेही त्याला माहीत होतं. त्याने ते गच्चीतल्या दोरीवर ओळीने घातले आणि समोर खुर्ची टाकून बसला. चार वाजेपर्यंत पहिला शर्ट वाळला. रंग मनासारखा आला होता. निळा, खोल, थोडा रागीट वाटावा असा. फक्त एक गोष्ट विचित्र झाली होती. शिवण रंगली नव्हती. कॉलरच्या कडेने, खिशाभोवती, बटणपट्टीवरून, काजांभोवती, प्रत्येक टाका जसाच्या तसा बिस्किटी राहिला होता. निळ्या कापडावर कुणीतरी खडूने शर्टाचं चित्र काढावं, तसा तो दिसत होता.

बायको सांगितल्यापेक्षा लवकर आली. पिशवी खाली न ठेवताच ती गच्चीच्या दारात उभी राहिली. तयार ठेवलेली सगळी वाक्यं तो एका दमात विसरला. तिने दोरीकडे बघितलं, एक शर्ट हातात घेतला आणि कापड न बघता उलटा करून आतली शिवण बघितली.

"दोरा सुती नाहीये," ती म्हणाली. "त्याला हा रंग चढत नाही. मला विचारलं असतं तर सांगितलं असतं."

"तुला विचारूनच सगळं करायचं का?"

तिने वर बघितलं. आवाज चढवायची त्याची पद्धत नव्हती.

"अठ्ठावीस वर्षं," तो म्हणाला, "अठ्ठावीस वर्षं तू मला एका रंगात गुंडाळून ठेवलंस. शाळेच्या फोटोत मी दिसत नाही. भिंत दिसते. लोक विचारतात रजेवर होता का. आणि मी हो म्हणतो! तुला बरं वाटायचं असेल. नवरा असा बिनरंगाचा असला की चिंता नाही."

"मी?" ती म्हणाली. पिशवी तिने हळूच खाली ठेवली. "अहो, मी गुंडाळलं? तुम्हीच म्हणाला होतात."

"काय म्हणालो होतो?"

"आठवत नाही तुम्हाला?" ती खरंच आश्चर्याने बघत होती. "तुम्ही शाळेतून आलात, अंगात तो निळा शर्ट होता, मी दिवाणखान्याच्या पडद्याला टाके घालत बसले होते. तुम्ही उभ्या उभ्या शर्ट काढलात आणि माझ्यासमोर टाकलात. म्हणालात, याची फडकी कर. आणि मला असा शर्ट शिव की मी कुणाला दिसता कामा नये. असंच म्हणालात. मी हसले, मला वाटलं चेष्टा करताय. मग तुमच्याकडे बघितलं आणि गप्प बसले. दुसऱ्या दिवशी सात-आठ दुकानं फिरले. एवढं कुणाच्या डोळ्यांत न भरणारं कापड मिळवायलाही त्रास पडतो, तुम्हाला काय माहीत!" ती थांबली. "का म्हणालात ते तुम्ही सांगितलं नाहीत. मला वाटलं, सांगाल कधीतरी. मग दोन वर्षांनी तेच कापड आणलं, तुम्ही काही बोलला नाहीत. म्हटलं, अजून नकोय वाटतं दिसायला."

तो खुर्चीत बसून राहिला. तिला खोटं ठरवायला त्याच्याकडे काहीच नव्हतं, कारण ती बोलत असतानाच तो शर्ट त्याच्या अंगावरून ओढला जात होता, डोक्यावरून निघताना एक बटण केसांत अडकलं होतं ते दुखलंही त्याला. माणूस एखादी गोष्ट विसरतो म्हणजे ती कुठे जाते? ती गेलेलीच नव्हती. त्याने फक्त त्या गोष्टीवर वेगळं लेबल लावलं होतं, बायकोच्या नावाचं, आणि ते लेबल इतकी वर्षं रोज वाचून त्याला खरं वाटायला लागलं होतं. आता सगळंच परत आलं. निळा शर्ट नवा होता, त्या दिवशी पहिल्यांदाच घातला होता. सकाळी संहत सल्फ्युरिक आम्लातून विरल आम्ल करून बाटलीत भरायचं होतं. ते काम सावकाश करायचं असतं, पाण्यात आम्ल थेंबाथेंबाने घालायचं, ढवळायचं, निवू द्यायचं. एक थेंब उडाला तरी कापडाला भोक पडतं. एप्रन धुवायला टाकलेला होता. त्याने शर्ट जपला. बाटली रिकामी दिसू नये म्हणून हात लांब ताणून त्याने संहत आम्लच तेवढं विरलच्या बाटलीत ओतलं, मधल्या सुट्टीत कुणाचा तरी एप्रन आणून नीट करू, असं म्हणून, आणि बाटली नेहमीच्या जागी ठेवली. सुट्टीच्या आधीच शास्त्राच्या नव्या बाई वर्ग घेऊन आल्या. त्यांना शाळेत लागून तीन महिने झाले होते. त्यांनी बाटली उचलली, चंचुपात्रात थोडं आम्ल घेतलं आणि शेजारी मदतीला उभ्या असलेल्या मुलीला त्यात पाणी घालायला सांगितलं. विरल आम्लात पाणी घातलं तर चालतं, संहत आम्ल उसळून अंगावर येतं. फस्सकन आवाज झाला. मुलीचा हात कोपरापर्यंत भाजला. ती किंचाळली ती त्याने शेजारच्या खोलीत ऐकली आणि त्याला धावत यायच्या आधीच कळलं होतं काय झालंय. गडबडीत बाटली खाली पडून फुटली. बाई मुलीचा हात नळाखाली धरून होत्या. त्याने काचा गोळा केल्या, कारण ते त्याचं कामच होतं. एका तुकड्यावर लेबल शाबूत होतं. विरल, त्याच्याच अक्षरात. त्याने तो तुकडा खिशात घातला आणि जाताना गटारात टाकला.

काही दिवसांनी चौकशी समितीपुढे बाई म्हणाल्या, मी लेबल वाचलं होतं. त्या दिवशीही त्याच्या अंगात तोच निळा शर्ट होता. तुम्ही चुकून संहतची बाटली उचललीत, असं नाही ना झालं, असं त्यांना तीन वेगवेगळ्या माणसांनी तीन वेगवेगळ्या शब्दांत विचारलं. चौथ्यांदा बाई म्हणाल्या, बहुतेक वाचलं होतं. तो दाराशी उभा होता. एका गृहस्थांनी मान वळवून विचारलं, "हा निळ्या शर्टातला कोण?" कुणीतरी म्हणालं, मदतनीस. गृहस्थांनी मान परत वळवली. तेवढंच. त्याला कुणी काहीच विचारलं नाही, आणि मी खोटं बोललो नाही, हे तो पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत राहिला. त्याच संध्याकाळी त्याने तो शर्ट बायकोपुढे टाकला. बाईंनी महिन्याभरात राजीनामा दिला. मुलीच्या आईवडिलांनी तिला शाळेतून काढलं. त्याने पहिल्यांदा दोन लेबलं लावली ती चौकशीच्याच आठवड्यात.

हे त्याने बायकोला तिथेच, वाळत्या शर्टांच्या समोर सांगितलं. काहीही गाळलं नाही. काचेच्या तुकड्यापाशी तो अडला, तेव्हा ती वाट बघत उभी राहिली. तिने पाणी आणून दिलं नाही, खांद्यावर हात ठेवला नाही. सांगून झाल्यावर तिने दोरीवरचे शर्ट एकेक करून काढले, घड्या घातल्या.

"ती मुलगी केवढी होती?" तिने विचारलं.

"तेरा-चौदा वर्षांची."

"आणि बाई कुठे असतात आता?"

तो लगेच उत्तर देऊ शकला, आणि त्याचीच त्याला सगळ्यांत जास्त लाज वाटली. बाई कुठे असतात हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं. शाळेच्या बसथांब्याजवळच त्यांचं वह्यापुस्तकांचं आणि झेरॉक्सचं दुकान होतं. तो रोज एक थांबा आधी उतरून मागच्या रस्त्याने चालत शाळेत जात असे. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, असं त्याने घरी सांगितलं होतं.

तीन दिवस बायको कामापुरतं बोलली. मीठ संपलंय. नळ गळतोय. तिला राग कशाचा होता, त्या मुलीच्या हाताचा की अठ्ठावीस वर्षं काही न विचारता शिवत बसल्याचा, हे त्याला कळेना आणि विचारायचं धैर्य होईना. तो शाळेत निळा शर्ट घालून गेला. कारकूनबाई खरोखरच "अय्या" म्हणाल्या. "काका, किती वेगळे दिसताय! तरुण झालात." त्याने आभार मानले आणि प्रयोगशाळेत जाऊन दार लावून बसला. बाहेर मुलांचा कालवा होता. शर्ट त्याला शोभत होता, यात शंकाच नव्हती. स्वच्छतागृहातल्या आरशात त्याने बघितलं होतं, चेहऱ्याला उजाळा आला होता, डोळे दिसत होते. ज्याला इतकी वर्षं बघायचं टाळलं तो माणूस आता आरशातून नीट, ठसठशीत बघत होता. चौथ्या दिवशी सकाळी बायको चहाचा कप पुढे ठेवत म्हणाली, "आज अर्धा दिवस सुट्टी काढा. आणि जाऊन या. मी येणार नाही बरोबर. हे तुमचं तुम्हीच करायचं."

दुकान अरुंद होतं. काउंटरवर रबरं, पट्ट्या, पेनं आणि मागे झेरॉक्सचं मशीन. बाई पन्नाशी ओलांडलेल्या होत्या, केस आखूड कापलेले, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. गिऱ्हाईक नव्हतं. त्यांनी त्याच्याकडे बघितलं आणि क्षणभरही न थांबता म्हणाल्या, "लॅबमधले ना तुम्ही?"

त्याची तयारी होती ती, मला ओळखलंत का, या वाक्यापासून. त्यामुळे त्याला सुरुवातच सापडेना. तो एकदम म्हणाला, "त्या बाटलीत संहत आम्ल मी भरलं होतं. लेबल विरलचं होतं. तुम्ही बरोबर वाचलं होतं."

त्याने बाकीचंही सांगितलं. शर्ट जपल्याचं सांगितलं, काचेचा तुकडा सांगितला, दाराशी उभं राहिल्याचं सांगितलं. बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं की आपण माफी मागायला आलो आहोत आणि ती मागायला तोंड उघडत नाहीये, कारण समोरच्या चेहऱ्यावर माफ करण्यासारखं किंवा न करण्यासारखं काहीच घडत नव्हतं. बाई दूर कुठेतरी बघत होत्या, वर्गातल्या शेवटच्या बाकाकडे बघावं तशा.

"ओतताना जड लागलं होतं," त्या शेवटी म्हणाल्या. "तेलासारखं. माझ्या मनात आलं होतं. पण लेबल वाचलं होतं ना मी." मग त्यांचा आवाज बदलला. "तुम्हाला माहितीये का मी शिकवणं का सोडलं? मला काही कुणी काढलं नव्हतं. मुख्याध्यापक म्हणाले होते, राहा. पण मला वाचता येईना. म्हणजे वाचायची, आणि परत वाचायची, आणि तरी वाटायचं, दुसरंच काही लिहिलं असेल. औषधाच्या बाटल्या नवऱ्याला वाचायला लावायची. बसची पाटी शेजारच्याला विचारायची. लोक हसायचे. त्या मुलीने मला दोन वर्षं पत्रं लिहिली. बाई, तुमची चूक नव्हती, म्हणायची. मी एकाही पत्राला उत्तर दिलं नाही. मला वाटायचं, पोर आहे, माझी समजूत काढतेय." त्यांनी काउंटरवरची पट्टी उचलली आणि परत ठेवली. "अठ्ठावीस वर्षं मी स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही. आणि तुम्ही रोज मागच्या रस्त्याने जात होतात. बघायची मी तुम्हाला, कोपऱ्यावर वळताना."

"माझं चुकलं," तो म्हणाला.

"लिहून द्या."

त्याला वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

"कुणाला दाखवणार नाही. शाळेला नाही, कुणालाच नाही. मला वाचायचंय." त्यांनी कोरा कागद आणि पेन त्याच्यापुढे सरकवलं.

त्याने काउंटरवर वाकून लिहायला घेतलं. अक्षर नेहमीसारखं छापल्यासारखं येत होतं आणि त्याला त्या अक्षराची चीड आली. सगळं लिहिलं. खाली लिहिलं, ही चूक माझ्याकडून झाली. सही केली. बाईंनी चष्मा लावून कागद ओढून घेतला, ओळीखाली बोट धरून वाचत आल्या आणि शेवटाशी बोट थांबलं.

"'माझ्याकडून झाली' नको," त्या म्हणाल्या. "'मी केली' लिहा."

त्याने शब्द खोडायला पेन टेकवलं.

"खोडाखोड नको. नवीन कागद घ्या."

त्याने सगळं पुन्हा लिहिलं, पहिल्या शब्दापासून. मध्ये एक बाई झेरॉक्स काढायला आल्या, त्यांना थांबायला सांगण्यात आलं. त्या उभ्या राहून त्याच्याकडे बघत होत्या, हा वयस्क माणूस शिक्षा झाल्यासारखा काय लिहितोय म्हणून, आणि तो त्यांना बघू देत लिहीत राहिला. ही चूक मी केली. चार शब्द. पेन तिथे जड झालं, पण लिहून झालं.

बाईंनी कागद घेतला. पुन्हा बोट धरून वाचू लागल्या. एका शब्दापाशी थांबल्या.

"विरल," त्या मोठ्याने म्हणाल्या. "विरलच होतं."

मग त्यांनी मशीनचं झाकण उचललं, कागद ठेवला, उजेडाची पट्टी सरकत गेली. बाहेर आलेली प्रत त्यांनी त्याला दिली, ती अजून गरम होती. मूळ कागद आपल्याकडे ठेवला. थांबलेल्या गिऱ्हाइकाला त्यांनी "एक मिनिट हं" म्हटलं.

"येतो," तो सवयीने म्हणाला. मग थांबून म्हणाला, "जातो."

बाईंनी मान वर केली नाही. त्या पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचत होत्या, आणि या वेळी त्यांचं बोट कागदावर नव्हतं.